आंग्ल-अधिक्षेप-मीमांसा : तीव्रतामापन व विनियोग

कोणत्याही शास्त्राचे प्रवर्तन अनुबंधचतुष्टय सांगितल्यावाचून होऊ नये, असा आपल्याकडील दंडक आहे. प्रस्तुत शास्त्राचा विषय इंग्रजी भाषेतील अपमानकारक शब्द हा होय. प्रयोजन द्विविध : आपला अपमान झाला असता तो वेळीच कळावा, आणि झाला नसता उगाच कळू नये. संबंध नेहमीचाच, प्रतिपाद्य-प्रतिपादकाचा. राहता राहिला अधिकारी. ज्याचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अथवा तत्सम पौष्टिक आहारावर पोसले आहे, जो कर्तरी वाक्याचे कर्मणी बिनचूक करतो, रजेचा अर्ज लिहितो, परंतु लंडनच्या बसमध्ये कुणी 'यू मपेट' म्हणाले असता उठून उभे राहावे की बसूनच असावे याचा ज्यास निर्णय होत नाही, तो या शास्त्राचा अधिकारी.

शास्त्राची निकड कोशांमुळे उत्पन्न झाली. फूल, इडियट, इम्बेसिल, मोरॉन, डन्स, ट्विट, निंकमपूप या सात शब्दांपुढे आपले कोशकार बहुधा 'मूर्ख' एवढेच लिहून पुढील शब्दाकडे वळतात. एकाच खुंटीला सात टोप्या टांगण्याचा हा प्रकार मराठीस शोभणारा नाही. बावळट, मठ्ठ, ठोंब्या, शंख, टोणगा व नंदीबैल यांतील सूक्ष्म भेद येथले शेंबडे पोरही जाणते. ज्या भाषेने 'अर्धवट' आणि 'दीडशहाणा' यांमधील बरोबर एक पूर्णांकाचे अंतर इतकी वर्षे सांभाळले, तिने परभाषेतील श्रेणींविषयी इतके उदासीन असावे, हे आश्चर्य होय.

आता लक्षण. मनुष्यवाणीच्या योगे श्रोत्याच्या स्वविषयक मतात जी तात्कालिक घट होते, ती अधिक्षेप. 'मनुष्यवाणीच्या योगे' हे पद घातल्याने आरसा, वजनकाटा व दहावीची गुणपत्रिका यांचे निराकरण होते. 'तात्कालिक' या पदाविषयी मात्र वाद आहे. समजला नाही तो अपमान झाला काय? एक पक्ष म्हणतो, नाही. ज्ञान नाही तेथे दुःख नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते असा अपमान नष्ट होत नसून मुदत ठेवीत जमा होतो व अर्थबोधाच्या दिवशी परिपक्व होतो. याचे स्वानुभवसिद्ध उदाहरण यथास्थळी येईल.

एककविचार

तीव्रता मोजावयाची तर एकक हवे. त्यासाठी 'प्रमाणगर्दभ' हे एकक सिद्ध केले आहे. आजोबांनी सहा वर्षांच्या सख्ख्या नातवास, रविवारी सकाळी, चटईवर दूध सांडल्यानंतर, आवाज न चढविता 'अरे गाढवा' असे संबोधिले असता नातवाच्या ठायी जो खेद उत्पन्न होतो, तो एक प्रमाणगर्दभ. दूध गाईचे की म्हशीचे याने मापनात फरक पडत नाही, हे पडताळून पाहिले आहे. चटई नवी असल्यास पडतो.

किलोग्रॅमचे प्रमाण ठरविणारा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा पॅरिसजवळ सेव्र येथे काचेच्या हंड्यांखाली ठेवलेला असे, आणि २०१९ पर्यंत जगातील यच्चयावत तराजू अंतिमतः त्यालाच उत्तरदायी होते. प्रमाणनातू काचेखाली ठेवता येत नाही. शिवाय तो २०२२ साली आईवडिलांसह इंग्लंडात रेडिंग येथे गेला. त्यामुळे पुढील सर्व मापने व्हिडिओ कॉलवरून, रविवारी आपल्या दुपारी दीड वाजता घ्यावी लागली, हे वाचकांनी आकडे वापरताना ध्यानात ठेवावे.

मोजमापाचे प्रयत्न यापूर्वी झाले नाहीत असे नव्हे. १९१० मध्ये हेन्री गॉडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'मूढ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'मोरॉन' हा शब्द घडविला आणि त्रिविध श्रेणी मांडली. ज्याचे मानसिक वय दोन वा त्याहून कमी तो इडियट; तीन ते सात, तो इम्बेसिल; आठ ते बारा, तो मोरॉन. म्हणजे शास्त्रदृष्ट्या मोरॉन ही बढती होय, आणि कालपर्यंत इडियट असलेल्यास कुणी मोरॉन म्हटले तर त्याने आभार मानणे युक्त. व्यवहारात उलटे आढळते. इंग्रज मनुष्य 'इडियट' हा शब्द कुत्र्यास, मेहुण्यास व किल्ल्या हरवल्या असता स्वतःस मुक्तहस्ते अर्पण करतो; 'मोरॉन' परक्यासाठी राखून ठेवतो. पहिल्याचे वजन पाऊण प्रमाणगर्दभ भरले, दुसऱ्याचे साडेचार. येथे एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. गॉडार्डची श्रेणी विद्वच्चर्चेपुरती राहिली नाही. तिच्या जोरावर जिवंत माणसे संस्थांत कोंडली गेली. दवाखान्यातून रस्त्यावर आलेला शब्द आपला रुग्ण सोबत घेऊनच येतो. याच कुळातील पुढचा शब्द 'रिटार्डेशन' अमेरिकेच्या अनेक संघीय कायद्यांतून २०१० च्या एका अधिनियमाने काढावा लागला. 'रिटार्ड' हा शब्द चित्रपटांत कितीही ऐकू येवो, विद्यार्थ्याने तो तोंडात घेऊ नये. या शास्त्रात सर्व पक्षांचे एकमत झालेला हा एकच मुद्दा आहे.

दुसरा प्रयत्न ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण-नियामक संस्थेचा. तिने लोकमत आजमावून २०१६ मध्ये आक्षेपार्ह शब्दांचे सौम्य, मध्यम, तीव्र व तीव्रतम असे चार वर्ग पाडले. तीव्रतम वर्गातील शब्दांचा येथे केवळ दुरून नमस्कार करून आपण सौम्य वर्गाकडे वळू, कारण खरी विद्वत्ता तेथेच कसाला लागते. या वर्गात तेव्हा 'ब्लडी' होता, 'डॅम' होता, 'गिट' होता. आणि त्यांच्याच पंगतीस 'काऊ' व 'जिंजर' बसले होते. म्हणजे गाय आणि आले. तांबूस केसांच्या मनुष्यास इंग्लंडात 'जिंजर' म्हणतात व तो दुखावतो. चहात आले घालणाऱ्या समाजास हे समजावून सांगताना प्रस्तुत लेखकाच्या एका व्याख्यानाची पहिली वीस मिनिटे खर्ची पडली.

प्राणिवर्ग

गाईचा प्रश्न अधिक गहन आहे. 'आमची सून म्हणजे अगदी गाय आहे हो' हे वाक्य मराठी सासूच्या मुखातून निघाले असता ते प्रशस्तिपत्र असते, व लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ते सहसा मिळत नाही. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत उतरविल्यास सून माहेरी जाईल, आणि इंग्रजी कायद्यानुसार तिचेच खरे ठरण्याचा संभव अधिक. 'काऊ' म्हणजे स्त्रीजातीतील आडदांड, तुसडी व्यक्ती. सबब नियम असा : गोवाचक शब्दांचे भाषांतर करू नये, सुनेचे कौतुक करणेच असेल तर क्रियापदांनी करावे.

घुबडाचे उलट. आपल्याकडील 'घुबड' अशुभ व हिंदीतील 'उल्लू' मूर्ख. इंग्रजी 'आउल' मात्र ज्ञानवृद्ध, क्वचित चष्मा लावलेला. एकदा एका पाहुण्या इंग्रज प्राध्यापकांनी आमच्या मुख्याध्यापकांस 'वाइज ओल्ड आउल' म्हटले. मुख्याध्यापकांनी 'वाइज' व 'ओल्ड' ही दोन पदे ऐकलीच नाहीत. चहापान तेवढ्यावर आटोपले.

'ॲस' या शब्दाच्या बाबतीत आपला गर्दभ अटलांटिक ओलांडताच संकटात सापडतो. इंग्लंडात 'ॲस' म्हणजे चतुष्पाद गाढव, व 'अर्स' म्हणजे शरीराचा आसनोपयोगी भाग. अमेरिकेत दोहोंसाठी 'ॲस' हा एकच शब्द उरला. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये आपणास ॲस म्हटले गेल्यास ते पूर्ण जनावर अभिप्रेत होते की त्याचा केवळ पश्चार्ध, हे संदर्भावरून ठरवावे लागते. कुत्रा, डुक्कर, उंदीर, मेंढी यांचा विचार विस्तारभयास्तव सोडला आहे; कोंबडीविषयी एवढेच सांगतो की 'चिकन' म्हणजे भित्रा, शाकाहाराशी त्याचा संबंध नाही.

व्युत्पत्तिविरोध

आता या शास्त्रातील सर्वांत फसवा प्रदेश येतो. काही शब्दांचे कूळ भयंकर परंतु शील सौम्य असते. त्यांस आम्ही 'वाल्मीकिगण' ही संज्ञा दिली आहे. 'प्रॅट' म्हणजे मूळचे ढुंगण. 'पिलक'चे मूळ त्याहून पुढच्या बाजूचे. 'गिट' हा 'गेट' या शब्दाचा अवतार, व त्यात अनौरसतेचा आरोप दडलेला आहे. आणि 'बर्क' हा तर लंडनच्या यमकी बोलीतून आला. बर्कशर हंट वा बर्कली हंट या शिकारी संघाच्या नावाचा उत्तरार्ध ज्या शब्दाशी जुळतो, तो शब्द ऑफकॉमच्या त्या चौथ्या वर्गात विराजमान होता. यमक गळून पडले आणि निरुपद्रवी 'बर्क' शिल्लक राहिला. इंग्रज आजीबाई नातवास बर्क म्हणतात व विणकाम चालू ठेवतात. मापनात हा शब्द ०.६ प्रमाणगर्दभ भरला. विद्यार्थ्याने येथे व्युत्पत्तिकोश उघडू नये. उघडल्यास आजीबाईंसमोर सांगू नये.

दुसरा गण याच्या नेमका उलट, 'पतितकुलीन'. 'सिली' हा शब्द एके काळी 'धन्य' या अर्थाचा होता. धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा भोळा, भोळ्याचा खुळा. ज्यांना 'भोळा सांब' ठाऊक आहे त्यांस ही उतरंड नवी वाटू नये. 'इडियट' हा ग्रीकांचा सार्वजनिक कार्यात भाग न घेणारा खासगी गृहस्थ. त्या अर्थाने सोसायटीच्या वार्षिक सभेस न येणारे सर्वच सदस्य इडियट होत, आणि हे मत सभेत वेगवेगळ्या शब्दांत मांडलेही जाते. 'डन्स'ची कथा विशेष करुण आहे. जॉन डन्स स्कोटस हा तेराव्या-चौदाव्या शतकातील महान तत्त्वज्ञ. त्याच्या बुद्धीच्या सूक्ष्मतेमुळे त्यास 'सूक्ष्म आचार्य' ही पदवी मिळाली. पुढे नवविद्येच्या अभिमान्यांना त्याचे अनुयायी केसाचे तंतू चिरणारे वाटू लागले, आणि आचार्यांचेच नाव 'ढ' विद्यार्थ्याच्या माथी आले. अतिसूक्ष्म वर्गीकरण करणाऱ्यांच्या वाट्यास असे येते, असे काहींचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखक ते येथे पूर्णतेसाठी नोंदवितो.

याउलट 'नाइस'. लॅटिनमधील 'अज्ञ' या शब्दापासून निघालेला हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत 'मूर्ख' या अर्थी चाले; आज तो स्तुतिवाचक आहे. तथापि भावी सासऱ्यांनी 'नाइस' म्हटलेल्या उपवर मुलांची स्थिती पाहता शब्द आपले मूळ पुरते विसरला आहे, असे खात्रीने म्हणवत नाही.

देशकालभेद

शब्दाचे वजन स्थिर नसते, याचा पुरावा म्हणून 'ब्लडी' घ्यावा. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा प्रयोग झाला आणि एलायझा डूलिटलच्या भूमिकेतील मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी तो शब्द भर रंगमंचावर उच्चारला. वृत्तपत्रे हादरली. तो शब्द उच्चारणे टाळण्यासाठी लोक त्याऐवजी 'पिग्मॅलियन' म्हणू लागले, म्हणजे नाटकाचेच नाव शिवी झाले. नाटककारास याहून मोठा सन्मान क्वचितच लाभला असेल. हेच नाटक पु. ल. देशपांड्यांच्या हातून १९७५ मध्ये 'ती फुलराणी' होऊन मराठीत आले, तोवर ब्लडीतले विष बरेच उतरले होते. पुरते उतरले नव्हते : २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन जाहिरातीत तो शब्द आला, तेव्हा ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या जाहिरात-तपासनिसांनी ती आधी अडविली व मग सोडली. आपल्याकडे ब्लडी हा निवृत्त अधिकाऱ्यांचा शब्द आहे. तो पगारवाढ, पाणीपुरवठा व जावई या तिन्हींस सारख्याच सहजतेने लागतो, म्हणून त्याचे स्वतंत्र मापन केले नाही.

'बास्टर्ड' या शब्दाची गोष्ट देशभेदाची. ऑस्ट्रेलियात तो शिवी, संबोधन, सहानुभूती व सर्वनाम अशा चारही भूमिका पार पाडतो. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेत इंग्लंडचा कर्णधार जार्डीन तक्रार घेऊन यजमानांच्या ड्रेसिंग रूमच्या दारात आला, तेव्हा उपकर्णधार व्हिक रिचर्डसनने आत वळून, या बास्टर्डला बास्टर्ड कोणत्या बास्टर्डने म्हटले, अशी चौकशी केली, असे सांगतात. एकाच वाक्यात तीन प्रयोग, तीन भिन्न अर्थ, आणि तिन्ही व्याकरणशुद्ध. आपल्याकडे मात्र हा शब्द थेट आईच्या चारित्र्यास जाऊन भिडतो. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत ब्रॅड हॉगने तो कुंबळे व धोनी यांच्यासंबंधी वापरला, तेव्हा भारतीय संघाने रीतसर तक्रार केली, व पुढे मोठ्या मनाने मागे घेतली.

त्याच सामन्यातील दुसरा खटला तर या शास्त्राच्या अभ्यासक्रमात लावण्याजोगा आहे. हरभजन सिंगने अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हटले, हा आरोप गंभीर, वर्णद्वेषाचा. बचाव असा की उच्चारलेले शब्द इंग्रजी नव्हतेच. ती हिंदीतील मातृविषयक शिवी होती व कानास तशी भासली. म्हणजे एका शिवीचे निरसन दुसऱ्या शिवीने. अपिलाची सुनावणी ॲडलेडला, न्यायमूर्ती जॉन हॅन्सन न्यूझीलंडचे, ऐकणारे ऑस्ट्रेलियन, बोलणारा जालंधरचा, आणि साक्षीदार म्हणून वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला सचिन तेंडुलकर. वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही. अर्वाच्य भाषेपोटी सामन्याच्या मानधनाची निम्मी रक्कम दंड झाली. आईवरील शिवी सौम्य आणि माकड तीव्र, असा तीव्रताक्रम न्यायासनासमोर निघाला. आपल्या कोणत्याही गल्लीत हा क्रम उलटा लागतो. त्याच मालिकेत बास्टर्डचा लागला होता तसा.

सर्वनामाभाव

मराठी मनुष्यास इंग्रजीत भांडताना जी घुसमट होते तिचे कारण शब्दसंग्रहाची तूट हे नव्हे. आपला निम्मा अपमान सर्वनामातच उरकतो. 'अहो जोशी' वरून 'अरे जोश्या' वर उतरले की पुढे काही बोलले नाही तरी चालते. 'अरे-तुरे करू नका सांगतो' हे वाक्य आपल्या भांडणाचे मध्यांतर असते. इंग्रजीत 'यू' ही एकच चटई. तीवर राजा, भंगारवाला व देव शेजारी शेजारी बसतात.

पूर्वी असे नव्हते. १६०३ साली विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील सर एडवर्ड कोक याने त्यास 'दाऊ' म्हटलेच, वर मी तुला अरे-तुरे करतो आहे असे त्याच सर्वनामाचे क्रियापद करून बजावलेही. पुढे क्वेकर पंथीयांनी ईश्वरासमोर सर्व समान म्हणून लहानथोर सर्वांना 'दाऊ' म्हणण्याचा नेम धरला आणि त्यापायी मार खाल्ला. अखेर इंग्रजांनी हे शस्त्र म्यान केले आणि तूर्त सर्वांनाच अहो-जाहो चालू आहे. परिणाम असा की सर्वनामाचे काम विशेषणाकडे आले.

हेच 'विशेषणाधीन' गणाचे रहस्य होय. 'ॲब्सोल्यूट', 'अटर', 'कम्प्लीट', 'टोटल' यांपैकी कोणतेही एक विशेषण घेऊन त्यापुढे घरातील कोणतीही वस्तू ठेवावी. शिवी सिद्ध होते. 'यू ॲब्सोल्यूट स्पून' : अरे निखळ चमच्या. (हा 'चमचा' आपल्याकडील राजकीय चमच्याहून भिन्न आहे.) चमच्याच्या जागी दरवाजा, सँडविच, बटाटा, काहीही चालते. सूत्र असे की नाम जितके निरर्थक तितके प्रेम अधिक. मराठी विद्यार्थी येथे हटकून चुकतो. तो ॲब्सोल्यूटनंतर खरोखरची शिवी घालतो आणि मैत्री संपते.

याच ओघात भारतीय इंग्रजीतील स्वदेशी उत्पादनाचा उल्लेख अवश्य आहे. 'मॅनरलेस', 'यूसलेस फेलो' व 'कॅरेक्टरलेस' ही आपली निर्मिती असून पैकी शेवटचा शब्द येथे घराणी उद्ध्वस्त करतो. इंग्लंडात तो हॉटेलच्या खोलीविषयी वापरतात.

व्याजस्तुतिखंड

आता शिखर. आपल्या आलंकारिकांनी निंदेच्या मिषाने स्तुती व स्तुतीच्या मिषाने निंदा, या दोहोंस व्याजस्तुती म्हटले आहे. यांतील दुसऱ्या प्रकारावर इंग्रजांनी साम्राज्य चालविले. 'व्याज' येथे कपट या अर्थी घ्यावे. तथापि वर सांगितलेल्या मुदत ठेवीचा विचार करता दुसरा अर्थही त्याज्य नाही.

२०११ साली प्रस्तुत लेखक एका कार्यालयात सल्लागार होता. आम्ही चौघांनी आठ महिने खपून एक योजना सिद्ध केली. विलायतेतील वरिष्ठांनी तीवर 'अ व्हेरी ब्रेव्ह प्रपोजल' असा अभिप्राय दिला. आम्ही पेढे वाटले. योजनेचे पुढे काही झाले नाही, पण इतक्या शूर योजनेस वेळ लागणारच, असे आम्ही एकमेकांस सांगत राहिलो. २०१४ च्या गणपतीत मुलीने 'येस मिनिस्टर' या १९८० साली बीबीसीवर सुरू झालेल्या मालिकेच्या डीव्हीडी आणल्या. सनदी अधिकारी मंत्र्याच्या निर्णयास 'करेजस' म्हणाला आणि मंत्र्याचा चेहरा पांढराफटक पडला. ठेव त्या क्षणी परिपक्व झाली. तीन वर्षांच्या व्याजासह रक्कम एकशे चाळीस प्रमाणगर्दभ भरली. पेढ्यांचा खर्च वेगळा.

या खंडातील इतर प्रयोग थोडक्यात. 'विथ रिस्पेक्ट' म्हणजे आपले चुकते आहे. 'विथ ग्रेट रिस्पेक्ट' म्हणजे आपल्याला काही कळत नाही. 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' झाल्यास खुर्चीवरून उठून शांतपणे घरी जावे. आदर वाढतो तसा अपमान वाढतो. हे दोन्ही एकाच दिशेने वाढणारे बहुधा एकमेव शास्त्र हेच. क्रियाविशेषण 'क्वाइट' दुधारी आहे : अमेरिकन मनुष्याचे 'क्वाइट गुड' बहुधा चांगले, इंग्रजाचे बहुधा बरे. अमेरिकेच्या दक्षिणेकडे 'ब्लेस युवर हार्ट' हे वृद्ध स्त्रियांचे हत्यार आहे; त्याची धार आवाजावर अवलंबून. आवाजाच्या अशा फेरास संस्कृत काव्यशास्त्रात 'काकु' म्हणतात. हा शब्द पारिभाषिक असून नातेवाचक समजू नये, जरी प्रावीण्य दोन्हीकडे सारखेच आढळते.

संसदगृह ही या खंडाची प्रयोगशाळा. ब्रिटिश कॉमन्स सभेत सभासदास 'लायर' म्हणता येत नाही. गिट, रॅट, स्वाइन, गटरस्नाइप हेही सभापतींनी वेळोवेळी अमान्य ठरविले आहेत. म्हणून १९०६ मध्ये विन्स्टन चर्चिलने 'पारिभाषिक अयथार्थता' असा एक डौलदार वळसा काढला, आणि आज तो खोटेपणाचाच पर्याय म्हणून कोशात बसला आहे. १९७८ मध्ये डेनिस हीलीने प्रतिस्पर्धी जेफ्री हाऊ यांच्या टीकेची तुलना मेलेल्या मेंढीने चावे घेण्याशी केली. यात एकही निषिद्ध शब्द नाही. मेंढी संसदीय, मरण संसदीय, चावणेही संसदीय. तरी हाऊ यांचा पुढे कोठेही उल्लेख आला की मेंढी सोबत येते. आपल्या लोकसभा सचिवालयाने जुलै २०२२ मध्ये असंसदीय शब्दांचे संकलन प्रसृत केले, त्यात 'क्रोकोडाइल टिअर्स' व 'आयवॉश' यांच्या जोडीस 'डाँकी' हा शब्द आहे. ही बंदी नसून कामकाजातून वगळलेल्या शब्दांची जंत्री आहे, असा खुलासा लोकसभाध्यक्षांनी केला. आमच्या एककास राष्ट्रीय स्तरावर मिळालेली ती पहिली मान्यता होय.

विनियोग

प्रत्यक्ष प्रयोगाविषयी तीन संप्रदाय आहेत. कोशनिष्ठ शब्द पाठ करतात व वेळ येईपर्यंत विसरतात. चित्रपटनिष्ठ प्रत्येक वाक्यात अमेरिकन चतुरक्षरी शब्द घालतात आणि बँकेत खाते उघडतानाही घालतात. तिसरा, काकुनिष्ठ, तो शब्द न वापरता केवळ 'रिअली?' एवढेच, भुवई किंचित उचलून म्हणतो. भुवई प्रत्येकास साधत नाही. प्रस्तुत लेखकास दोन्ही एकदम वर जातात, त्यामुळे समोरच्यास आनंद झाल्याचा भास होतो.

परभाषेत शिवी देऊ नये, घ्यावी फक्त, असे मत आम्ही पूर्वी मांडले होते. आता त्यात थोडी दुरुस्ती करीत आहोत. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड व बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमून, वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. यास 'बोरीचा बार' म्हणतात. १५०० च्या सुमारास स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या दरबारात विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी हे कवी असेच, पण छंदोबद्ध, एकमेकांवर तुटून पडत. त्या प्रकारास 'फ्लायटिंग' म्हणत. राजा ऐकत असे. बोरीच्या ओढ्यावर जी शिवी शून्य प्रमाणगर्दभ भरते, तीच एरवी एसटीच्या रांगेत दिल्यास पोलीस ठाण्यापर्यंत जाते. तेव्हा परभाषकाने आधी ओढा शोधावा. ओढा म्हणजे दोन्ही काठांस मान्य असलेली जागा. इंग्लंडात अशी जागा बहुधा पब किंवा फुटबॉलचे मैदान; कार्यालय नव्हे, आणि सासुरवाडी तर नव्हेच.

एककाविषयी एक अडचण उरली आहे. किलोग्रॅमचा सेव्रचा ठोकळा आपल्या प्रतिकृतींच्या तुलनेत शंभर वर्षांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमने सरकला, असे मोजणीत दिसले होते. प्रमाणनातू तीन वर्षांत किती सरकला हे पाहण्यासाठी गेल्या महिन्यात एकक पुन्हा तपासले. रविवार होता. त्याने तिकडे दूध सांडलेच होते, म्हणजे अटी पूर्ण होत्या. फक्त चटईऐवजी कार्पेट. प्रस्तुत लेखकाने आवाज न चढविता 'अरे गाढवा' म्हटले. खेद आढळला नाही. नातू पडद्याच्या अगदी जवळ आला, त्याचा एक समोरचा दात पडलेला दिसला, आणि हसत म्हणाला, 'आजोबा, तू ना, ॲब्सोल्यूट टीपॉट आहेस.'

नोंद 'विशेषणाधीन' गणात केली आहे. वक्त्याचे वय नऊ, सर्वनाम एकवचनी, नाम निरर्थक. आजोबांच्या ठायी झालेली घट मोजण्याचा तीनदा प्रयत्न केला. काटा तिन्ही वेळा शून्याच्या डावीकडे गेला, आणि या उपकरणास डावीकडे आकडेच नाहीत. नातू डिसेंबरात पुण्यास येत आहे. तोवर वरील सर्व आकडे तात्पुरते समजावेत.